सापडलं नाही म्हणजे नाही, असं नाही



मागच्या आठवड्यात मोठ्या दिरांच्या सुनेचा पुण्याहून फोन आला. "काकू, दोन दिवस घसा दुखतोय, अंगात कणकण आहे. घरी कोविडची टेस्ट केली, एकच रेघ आली. म्हणजे रविवारी विधानाला आले तर चालेल ना?"

मी म्हटलं, "येऊ नकोस."

"पण निगेटिव्ह आहे ना काकू!" पोरगी जरा हिरमुसली. तिचं लग्न २०२२ मधलं. तिने सासऱ्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं आहे. एका रेघेला मी एवढी का घाबरते, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. फोनवर मला सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. जाऊबाईंना, म्हणजे आमच्या आक्कांना, विचारूनच लिहिते आहे.

गोष्ट २०२० च्या पर्युषणाची. आठवत असेल, त्या वर्षी मंदिरं बंद होती. अभिषेक मोबाईलवर बघायचा आणि पूजा घरात करायची. माझं दहा दिवसांचं एकाशन चालू होतं. सुगंध दशमीला धूप खेवताना मला वाटलं, यंदाचा धूप काही बरोबर नाही, वासच येत नाही. पावसाळ्यात ओल आली असेल म्हणून दुकानदाराला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी, उत्तम तपाच्या संध्याकाळी, अंगात कणकण आली. एकाशनाचा अशक्तपणा म्हणून पांघरूण घेऊन झोपले.

दोन दिवस ताप राहिला तेव्हा मुलाने हट्टाने वॉर्डातल्या तपासणी केंद्रावर नेलं. नाकात काडी घातली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि वीस मिनिटांत निकाल: निगेटिव्ह. पीपीई घातलेली मुलगी होती, तिचे डोळेच काय ते दिसत होते. ती म्हणाली, "काकू, ही अँटिजेन टेस्ट आहे. तुम्हाला ताप आहे, तेव्हा आरटीपीसीआर करून घ्या. चिठ्ठी देते. निकाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत राहा."

चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली. पैशाचा प्रश्न नव्हता, सरकारी केंद्रात तपासणी मोफत होती. प्रश्न दुसराच होता. आरटीपीसीआर केली की निकाल यायला दोन दिवस, तोवर कोंडून घ्यायचं. म्हणजे अनंत चतुर्दशी गेली आणि पारणंही गेलं. इतक्या दिवसांचं व्रत आणि शेवट खोलीत एकटीने करायचा? शिवाय निगेटिव्ह आलंच होतं की! ताप गोळीने उतरला. मला हवा तो निकाल हातात होता. दुसरा कशाला मागायला जाऊ?

२ सप्टेंबरला आम्ही मोठ्या घरी पारण्याला जमलो. मागच्याच गल्लीत त्यांचं घर. मुगाचं वरण, भात, तूप, शेवयांची खीर. वाढायला मीच होते, मास्क नव्हता. भाऊजी नको नको म्हणत असताना त्यांच्या वाटीत आणखी एक डाव खीर घातली.

३ तारखेला क्षमावाणी. सगळ्यांना फोन केले, भाऊजींनाही केला. "कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा." ते हसून म्हणाले, "तुमचं काय चुकणार? खीर जास्त वाढलीत एवढंच."

६ तारखेला त्यांना ताप आला. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. तीन दिवसांनी ऑक्सिजन कमी झाला. त्या महिन्यात आमच्याकडे खाट मिळवणं म्हणजे काय होतं, ते इथल्या बायकांना सांगायला नको. १७ तारखेला ते गेले. वॉर्डातल्या एका ब्रदरने त्यांच्या कानाशी फोन धरला आणि आक्कांनी घरून णमोकार म्हटला. आक्कांनाही लागण होती, पण घरच्या घरी निभावलं. त्या खोलीत, आम्ही सगळे खोलीबाहेर.

मधे ८ तारखेला, संपर्कातली म्हणून माझीही आरटीपीसीआर झाली. निगेटिव्ह आली. आणि मैत्रिणींनो, खरं लिहिते, मला हायसं वाटलं. म्हणजे आपल्यामुळे नाही.

नोव्हेंबरात मुलाच्या सांगण्यावरून अँटिबॉडी तपासली. आयजीजी पॉझिटिव्ह. त्या कागदाचा अर्थ मुलाने समजावून सांगितला: "आई, तुला होऊन गेला आहे." मला धूप आठवला. धुपाला वास होता, माझ्या नाकाला नव्हता. नाक खरं सांगत होतं आणि मी पट्टीचं ऐकलं.

त्यानंतर मी जे मिळेल ते वाचत बसले. शास्त्राचं शिक्षण नाही माझं, मी बी.कॉम. पण कळलं ते हिशेबाच्या भाषेत आणि पाठशाळेच्या भाषेतच कळलं.

पाठशाळेत आपण स्याद्वाद घोकला आहे. स्यात् अस्ति, स्यात् नास्ति. पुष्कळांना वाटतं, स्यात् म्हणजे 'कदाचित'. तसं नाही. स्यात् म्हणजे 'एका अपेक्षेने'. वस्तू आहे किंवा नाही म्हणायचं, तर कोणत्या द्रव्याच्या, क्षेत्राच्या, काळाच्या आणि भावाच्या अपेक्षेने म्हणतो, ते सांगायला हवं. चाळीस वर्षं हे मला पाठ होतं. तपासणीच्या कागदावर मात्र ते लावून बघायचं सुचलं नाही. आता लावून बघते.

आधी द्रव्य. तपासणी नेमकं काय शोधते? आरटीपीसीआर शोधते विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याच्या पोटातला तो सूचनांचा धागा. जानेवारी २०२० मध्ये चिनी संशोधकांनी या धाग्याची अक्षरं जगापुढे ठेवली आणि त्याच महिन्यात बर्लिनमधल्या ख्रिस्तियान ड्रोस्टेन यांच्या गटाने त्यावरून तपासणी बसवली. भारतातला पहिला रुग्ण, केरळमधली विद्यार्थिनी, ३० जानेवारीला नक्की झाला तो पुण्याच्या एनआयव्हीच्या तपासणीतून. सुरुवातीला आमच्याकडचे नमुनेही पुण्यालाच जात. नंतर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सोय झाली.

काडीवर धागे अगदी थोडे असतात, ते दिसणार कसे? त्यासाठी आधी आरएनएचं डीएनएमध्ये रूपांतर करतात आणि मग दर फेरीला त्याची दुप्पट. एकाचे दोन, दोनाचे चार. हे मला लगेच कळलं, कारण हे चक्रवाढ व्याज आहे, तेही शेकडा शंभराने! दहा फेऱ्यांत एकाचे १,०२४ होतात. वीस फेऱ्यांत १० लाख ४८ हजारांवर. तीस फेऱ्यांत १०७ कोटींच्या वर. कॅरी मुलिस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला ही दुपटीची युक्ती १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये नोबेल मिळालं. रिपोर्टवर 'सीटी व्हॅल्यू' असते ना, ती म्हणजे कितव्या फेरीला विषाणू दिसू लागला तो आकडा. मुद्दल जास्त असेल तर वीसाव्या फेरीलाच दिसतो, कमी असेल तर तिसाव्या. वीस आणि तीस यांत फरक दहाचा दिसतो, पण मुद्दलात तो हजारपट असतो. आयसीएमआरने ३५ ही मर्यादा धरली होती.

अँटिजेनची पट्टी धागा शोधत नाही. ती विषाणूचं प्रथिन शोधते आणि त्यात दुप्पट-बिप्पट काही नाही. जेवढं मुद्दल, तेवढ्यावरच काम. गरोदरपणाच्या पट्टीचीच ही बहीण. पट्टीवर एका जागी या प्रथिनाला पकडणारे कण चिकटवलेले असतात. द्रव वर चढत जातो, प्रथिन असेल तर तिथे अडकतं आणि रंगाची रेघ उमटते. 'सी'ची रेघ फक्त एवढंच सांगते की पट्टी चालू आहे. ती एकटी आली म्हणजे आपण शुद्ध, असं नाही. पट्टीला दिसेल एवढं प्रथिन त्या थेंबात नव्हतं, इतकंच.

आणि हे कुणी लपवलेलं नव्हतं. आयसीएमआरने १४ जून २०२० ला या पट्टीला परवानगी दिली, तेव्हाच लिहिलं होतं. दोन ठिकाणी तपासलेली पट्टी निरोगी माणसाला उगाच बाधित म्हणत नव्हती. तिथे ती ९९.३ ते १०० टक्के बरोबर होती. पण खऱ्या बाधितांपैकी ती ५०.६ ते ८४ टक्केच पकडत होती. म्हणून नियम केला होता: दोन रेघा आल्या तर बाधित समजा, परत तपासू नका, लक्षणं असून एकच रेघ आली तर आरटीपीसीआर कराच. म्हणजे पट्टीचं 'हो' पक्कं, 'नाही' कच्चं. वॉर्डातल्या त्या मुलीने मला हाच नियम सांगितला होता. तपासणी चुकली, असं मी म्हणू शकत नाही. तपासणीने आपली मर्यादा सांगितली होती, चिठ्ठी लिहून दिली होती.

मग क्षेत्र. नमुना कुठला? आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. पण ती खरी का ठरते? पातेल्यात आच सगळीकडे सारखी पोचलेली असते, म्हणून. शरीर हे असं पातेलं नाही. विषाणू नाकात कमी आणि छातीत जास्त, असंही होतं. काडी नीट आत गेली नाही, नमुना गार राहिला नाही, तरी शित कोरडंच येणार. म्हणून डॉक्टर आरटीपीसीआर निगेटिव्ह असूनही कधी छातीचा एचआरसीटी सांगत. तो विषाणू बघत नाही, त्याने केलेलं नुकसान बघतो. आणि म्हणूनच ज्याला त्याला, भीतीपोटी, तो काढायचा नसतो.

मग काळ. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासकांनी २०२० मध्येच हिशेब मांडला होता. आरटीपीसीआरसुद्धा लक्षणं सुरू होतात त्या दिवशी १०० बाधितांतले सुमारे ३८ सोडून देते. तीन दिवसांनी करावी तर सुमारे २०. पुढे हे प्रमाण परत वाढत जातं, कारण विषाणू ओसरतो. माझी ८ तारखेची तपासणी अशीच, कणकण आल्याला दहा दिवस होऊन गेल्यावरची. चोर निघून गेल्यावर घराची झडती. आणि अँटिबॉडी तर त्याच्याही पुढची. ती चोर शोधतच नाही, शेजाऱ्यांनी नंतर बसवलेलं कुलूप बघते. येऊन गेला हे सांगते. कधी आला आणि कुणाकडून आला, ते सांगत नाही.

आणि भाव, म्हणजे अवस्था. विषाणू किती, वाढता की उतरता, माणसाला लक्षणं आहेत की नाहीत. तीच एक रेघ. ठणठणीत माणसाला तिचा अर्थ वेगळा आणि वास गेलेल्या, तापाने फणफणलेल्या बाईला वेगळा.

कॉमर्सला आम्हाला तेरीज शिकवताना सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. तेरीज जुळली म्हणजे वही बरोबर आहे, असं समजू नका. एखादा व्यवहार कीर्दीत लिहायचाच राहिला, तर तो जमेलाही नाही आणि नावेलाही नाही. तेरीज झकास जुळते. तिला विसरचूक म्हणतात. म्हणून हिशेब तपासनीस "चूक नाही" असं लिहीत नाही. "आमच्या तपासणीत आढळली नाही" असं लिहितो. त्यावर मी परीक्षेत टिपा लिहिल्या होत्या, मार्कही मिळाले होते. आणि स्वतःच्या अंगाची तेरीज एका पट्टीवर जुळवून मी पंगतीत वाढायला गेले.

खरं तर डोळ्यांना न दिसणाऱ्याची जाणीव आपल्याला कुणी नव्याने द्यायला नको होती. पाणी गाळून प्यायचं, सूर्यास्तानंतर जेवायचं नाही, हे आपण का करतो? दिसत नाही म्हणजे नाही, असं आपण कधीच मानलेलं नाही. पाण्याच्या थेंबाबाबत मी जेवढी जागरूक होते, तेवढी स्वतःच्या श्वासाबाबत नव्हते.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट अशी सापडली की ऊर भरून आला. पुण्याच्या मायलॅबचा पहिला देशी आरटीपीसीआर किट २३ मार्च २०२० ला मंजूर झाला. तो बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले. गरोदरपणाचे शेवटचे दिवस, तब्येतीच्या तक्रारी, तरी सहा आठवड्यांत किट तयार केला. १८ मार्चला तो एनआयव्हीकडे तपासणीला गेला आणि त्याच सुमारास त्यांना मुलगी झाली. सुरुवातीला खासगीत एका तपासणीला साडेचार हजार रुपयांपर्यंत पडत. महाराष्ट्रात मार्च २०२१ च्या अखेरीस तो दर पाचशेवर आला. घरी करायची पट्टीही भारतात पहिल्यांदा मे २०२१ मध्ये मंजूर झाली, ती मायलॅबचीच. एवढ्या कष्टांनी ही साधनं आपल्या ड्रॉवरपर्यंत आली आहेत. ती वाचायची कशी, एवढं तरी आपण शिकायला हवं.

आता उरलेलं सांगते.

तो नोव्हेंबरचा कागद मी कपाटात साड्यांखाली ठेवला. आक्कांना सांगितलं नाही. रोज त्यांच्याकडे जात होते, भाजी निवडून देत होते, पण सांगितलं नाही. प्रतिक्रमणाला बसले की तिथेच अडखळायची. २०२१ च्या क्षमावाणीला मात्र फोन केला नाही, कागद घेऊनच गेले. म्हटलं, "आक्का, दरवर्षी म्हणतो तसं नाही म्हणत. मला ताप होता. आरटीपीसीआर कर म्हणून सांगितलं होतं, मी केली नाही. पारणं चुकेल म्हणून. माझ्याकडूनच गेलं असेल भाऊजींना."

आक्कांनी कागद बघितला, घडी घातली. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांना त्या दिवशी सकाळीच कसर होती गं. मला म्हणाले, कुणाला बोलू नकोस, सगळी पोरंबाळं यायची आहेत, विरस होईल. मीच गोळी दिली. वर्षभर मला वाटतंय, त्यांच्याकडून तुला झालं असेल, म्हणूनच तू अशी गप्प असतेस."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्या दिवशी त्या घरात कुणाचा विषाणू कुणाकडे गेला, हे आता कोणतीच तपासणी सांगणार नाही. नमुने नाहीत, तारखा जुळत नाहीत. हे अवक्तव्यच राहणार. पण विषाणू कुणाचा हे कळलं नाही, तरी चूक कुणाची हे आम्हा दोघींना आपापलं माहीत होतं. तिला तपासणी लागत नाही. आक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उत्तम क्षमा." मीही म्हटलं. जन्मात पहिल्यांदा त्या दोन शब्दांना वजन आलं.

तेव्हापासून माझ्या घरात काही नियम आहेत. ताप, खोकला, घसा, काहीही असो, पट्टी निगेटिव्ह आली तरी पंगतीत जायचं नाही. दोन दिवसांनी परत तपासायचं, गरज वाटली तर डॉक्टरांना विचारून आरटीपीसीआर करायची. घरात म्हातारं माणूस असेल तर मास्क, मग निकाल काहीही असो. व्रत मोडेल, कार्यक्रम हुकेल, माणसं नाराज होतील, होऊ देत. पारणं खोलीत एकटीनेही होतं.

त्या पोरीने दोन दिवसांनी परत टेस्ट केली. परत एकच रेघ. साधी सर्दीच निघाली बहुतेक, आता बरी आहे. विधानाला आली नाही म्हणून मी आक्कांची समजूत घालायला गेले, तर त्या पूजेचं ताट आवरत म्हणाल्या, "बरं केलंस थांबवलंस तिला. पुढच्या वेळी येईल की."

जय जिनेंद्र.